छाट

सकाळी साडेसहा. विडी घरकुलात
पाण्याच्या टँकरच्याही आधी मी पोचते.
खांद्याला निळी पेटी, पेटीत बर्फाची पिशवी,
यादीत पहिलं नाव :
नरसम्मा बोद्दूल, वय बावन्न, उपाशीपोटी.

"एक घोट चहा चालला असता की गं."
"नाही मावशी. साखर खोटं बोलते मग."
"आमच्या घरात सगळेच बोलतात,
तिनं एकटीनं काय घोडं मारलंय?"

दंडाला पट्टा. मिनिटाच्या आत सोडायचा.
मूठ मिटायची, पण सारखी उघडमीट नको,
नाहीतर पोटॅशियम उगाच वर चढतं
आणि डॉक्टर नसत्या हृदयाची काळजी करत बसतात.
स्पिरिट लावलं की फुंकायचं नाही. वाळू द्यायचं.

शीर दिसत नाही.
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं,
तर्जनीवर दोऱ्याची जुनी खाच,
कोपराच्या खळगीत नुसती कातडी.

माझे वडील मागावर ताण्याचे तुटलेले धागे जोडायचे.
रात्रपाळीत वीज गेली की बोटांनीच
चोवीसशे धाग्यांतला तुटका एक हुडकायचे.
म्हणायचे, डोळ्याला विचारू नकोस,
डोळा घाई करतो.

मी डोळे मिटत नाही, तेवढी धिटाई नाही माझ्यात.
पण बोट ठेवते, दाबते, सोडते.
ओल्या सुतळीसारखं काहीतरी
खालून परत वर येतं.
तीच.

सुईचं तोंड वर. तिरकी. आत.
आधी पिवळं झाकण, मग जांभळं, शेवटी करडं.
जांभळी नळी आठ वेळा हळू उलटायची,
झोपलेल्या बाळाला कूस बदलावी तशी.
हलवली जोरात तर पेशी फुटतात
आणि सगळी मेहनत गुलाबी पाणी होते.
नाव तिथंच लिहायचं, तिच्या समोर, तिला विचारून.
"बोद्दूल. द ला द जोडून लिही,
रेशनकार्डावर चुकलंय ते पुरे."

लॅबमध्ये पंखा गरम हवा ढवळत असतो.
स्टँडवर एक बारीक नळी तासभर उभी.
लाल हळूहळू खाली बसतं,
वर उसाच्या रसासारखं पिवळं उरतं.
किती मिलिमीटर, एवढंच मोजायचं.
का बसलं, ते नळी सांगत नाही.

यंत्र म्हणतं : हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
ठळक अक्षरात.
मी नळी पुन्हा उलटते, गुठळी बघते, नाव बघते.
पुन्हा लावते.
सहा पूर्णांक सात.
डॉक्टरांना फोन. ते म्हणतात, आजच आणा.

दुपारी ती सुपात पानं घेऊन बसलेली.
"किती पाहिजे होते?"
"बारा."
कात्री थांबत नाही.
"म्हणजे निम्मी छाट. आमचा कारखानदार बरा,
हजारात पन्नासच काढतो."

"मावशी, आज जायचंय."
"आज माल द्यायचाय. दीडशे राहिल्यात. परवा जाऊ."
मला सांगता येतं परवाचा अर्थ,
पण तो आकडा माझ्या कागदावर नसतो.

मग मी चप्पल काढते, समोर मांडी घालते,
पान ओलं करते, तंबाखू पसरते, वळते, दोरा.
आईकडे बघून शिकले होते, सातवीत.
शिरा हुडकणारी बोटं
पानावर मात्र आंधळी.

ती एकेक उचलून दिव्यासमोर धरते.
"ही सैल. छाट.
हिचं तोंड उघडं. छाट.
ही... अगं, ही काय आहे?"
तीसातल्या एकोणीस मर्यादेबाहेर.
ती एवढी हसते की धाप लागते,
भिंतीला हात लावून थांबते,
ओठ पांढरे.

दोघीही गप्प.

"उरलेल्या शेजारची पद्मा करंल,"
ती पदर झटकते,
तंबाखूचा भुगा उन्हात उडतो.
"चल. पण सुई तूच लावायची,
तिथल्यांना माझी शीर माहीत नाही."